बारा ते एक : युरोपभाई

युरोपभाईंना मी चाळीसेक वर्षं ओळखते. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने चिकू सोललेला मी एकदाच पाहिला, आणि तोही त्यांना धड सोलता आला नव्हता. डहाणूत जन्मलेल्या माणसाबद्दल याहून वाईट काय सांगायचं? लहानपणी आई सोलून द्यायची. नंतर विद्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण आणि माझी वर्गमैत्रीण. पुढे दर डिसेंबरात ते विद्याकडे सरावलीला सुट्टीवर यायचे. खुर्चीत बसायचे, डावा हात बशीच्या दिशेने उघडा ठेवायचे आणि बोलत राहायचे. हातावर फोड पडली की ती तोंडात जायची. कोणी ठेवली हे बघायला मान वळायची नाही. बोलण्याचा विषय मात्र एकच असायचा : माणसाने, आणि विशेषतः खंडाने, दुसऱ्यावर अवलंबून राहू नये.

हा त्यांचा पोटाचा धंदा होता. युरोपातल्या एका पावसाळी शहरात, एका संस्थेत ते संशोधनाचं धोरण लिहायचे. विद्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, भाई संशोधन करतात. तसं नव्हतं. संशोधन दुसरे करायचे. ते कोणत्या विषयावर करावं, कोणाला सोबत घेऊन करावं आणि कोणाला दाराबाहेर ठेवून करावं, हे भाई लिहायचे. युरोपला म्हणे उशिरा कळलं होतं की औषधाची भुकटी एका देशातून येते, बॅटरीतला धातू दुसऱ्यातून, आणि संगणकातली चिप तिसऱ्यातून. उद्या तिघांतल्या एकाने दार लावून घेतलं तर पंचाईत. म्हणून महत्त्वाचं ते स्वतः शोधायचं, स्वतः बनवायचं, आणि उरलेलं फक्त भरवशाच्या देशांकडून घ्यायचं. याला भाई ‘सामरिक स्वायत्तता’ म्हणायचे. आमच्याकडे याला घरात आठ दिवसांचं पीठ ठेवणं म्हणतात, आणि त्यासाठी कोणी पगार देत नाही.

नाव स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने पाडलं. भाई दाढीचं ब्लेड घ्यायला गेले आणि म्हणाले, “आमच्या युरोपात हे असं पुडीत देत नाहीत.” दुकानदार म्हणाला, “तर मग युरोपभाई, तिथूनच आणायचं होतं ना.” तेव्हापासून सगळे युरोपभाईच म्हणायला लागले. त्यांना ते कौतुक वाटायचं.

तिथूनच आणायचं होतं, हे तर मीही म्हणेन. दोन मोठ्या बॅगा घेऊन येणारा हा माणूस इथे उतरला की रिकाम्या हाताचा असायचा. मला याद्या करायची सवय आहे, म्हणून एका मुक्कामाची यादी अजून माझ्याकडे आहे. मोबाइलचा चार्जर, वाचायचा चष्मा, नेलकटर, छत्री, विद्याच्या नवऱ्याच्या चपला, माझी स्कूटर आणि ती चालवायला मी. यातलं चार्जर सोडून सगळं परत आलं. चार्जरबद्दल विचारलं तर म्हणाले, “कुंदा, वस्तूंचा हिशेब ठेवू नये. अवलंबित्वाचा ठेवावा.”

एकदा वाचनालयात त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. पाऊण तास ते बोलले. शेवटी एक निवृत्त मास्तर उठले आणि त्यांनी विचारलं, “युरोपने सगळं घरच्या घरी करायचं ठरवलंय, हे समजलं. मग ते लिहायला डहाणूहून माणूस कशाला मागवला?” सगळं वाचनालय हसलं. भाईही हसले आणि म्हणाले, “प्रश्न चांगला आहे.” उत्तर नसलं की ते असंच म्हणायचे. आयुष्यभर त्यांना इतके चांगले प्रश्न भेटले, आणि एकाचंही उत्तर मी ऐकलं नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. दर डिसेंबरात महिनाभर एक माणूस सहन करायला काही लागत नाही. पण मग त्यांनी आमच्या शेडचं भलं करायचं ठरवलं.

आमची शेड उधव्याला आहे. डहाणूच्या वाड्यांतून बाजार नाकारतो तो बारका चिकू टेम्पोने तलासरीवरून तिथे जातो. उधव्याच्या अकरा बायका तो सोलतात, चकत्या करतात आणि सुकवतात. त्यांची मुकादम रमीला. खरेदी, विक्री, कागदपत्रं माझ्याकडे. शेड सुरू होण्याआधी या अकराजणी पहाटेची गाडी धरून वापीला कारखान्यांत रोजावर जायच्या. शेड बंद झाली तर पुन्हा तिथेच जाणार. उधव्यात दुसरं काम नाही, त्यामुळे शेडमध्ये जे काही बिघडतं त्याच्या मागे वापीची गाडी उभीच असते.

चिकू सुकवणं दिसतं तेवढं सोपं नाही. कापलेला चिकू चार-पाच तासांत वाळायला लागला नाही तर आंबतो आणि काळा पडतो. फार गरम केला तर चामडं होतो. रमीला चकती दुमडून बघते. दुमडली, चिकटली नाही आणि मोडली नाही, की झाली. हे भाईंनी बघितलं आणि म्हणाले, “हे ज्ञान हातात अडकलंय. ते यंत्रात यायला पाहिजे.”

आणि ते यंत्र आलंही. युरोपातल्या संशोधकांना सुकवणीचं असं यंत्र बनवायचं होतं, ज्यात दूरच्या कुठल्याही देशाचा सुटा भाग नसेल. दमट हवेत चाचणी घ्यायला जागा पाहिजे होती. भाईंनी उधवा सुचवलं. मोठं कपाट आलं, त्यात ताटं, पंखे, हीटर, आणि बाजूला करड्या रंगाची एक पेटी. ती पेटी हवेचा दमटपणा मोजून हीटर चालू-बंद करायची. फक्त एक होतं. रोज सकाळी पेटी आधी युरोपातल्या संगणकाशी बोलायची, तिकडून होकार आला की पंखे फिरायचे.

“म्हणजे सासूला विचारून चूल पेटवायची,” रमीला म्हणाली.

एक कबूल करते, पेटी चांगली होती. दोन हंगाम तिने काम केलं. त्याच काळात भाईंनी मला एक काम लावलं, आणि त्यांनी सांगितलेल्यांपैकी एवढंच काम मी मनापासून केलं. म्हणाले, “कुंदा, अवलंबून असणं वाईट नाही. कोणावर आहोत ते माहीत नसणं वाईट. शेडमधली एकेक वस्तू लिही आणि समोर लिही, ही कोणाच्या हातात आहे.” मी लिहिलं. टेम्पो : चालक. सुऱ्या : तलासरीचा धारवाला. वीज : वायरमन जीतूभाई. चकती झाली की नाही : रमीला. पेटी : युरोपभाई. कागद भिंतीवर लावला.

भाईंनी चष्मा मागून घेतला, कागद वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबले. “इथे माझं नाव कशाला? मी थोडाच बंद करणार आहे?” माझंच पेन घेऊन त्यांनी स्वतःचं नाव खोडलं. वर काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून जागा रिकामी ठेवली.

त्यानंतरच्या जानेवारीतली गोष्ट. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने पहिल्यांदाच मोठा माल मागितला होता. चौथ्या दिवशी तो न्यायला येणार होता. माल पसंत पडला तर पुढचा सगळा हंगाम तो उचलणार, नाही पडला तर अकराजणींना सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. त्या दिवशी बायका सहालाच आल्या. साडेआठपर्यंत सगळी ताटं भरली. त्या वर्षी मुक्काम लांबवलेले भाईही आले होते, शेडचे फोटो काढायला. मी बटण दाबलं. पंखे फिरले नाहीत. पेटीवर लाल अक्षरं आली.

“काय बोलते ती?” रमीलाने विचारलं.

मी वाचलं. परवानगी नाही, असं इंग्रजीत लिहिलं होतं.

“काहीतरी तांत्रिक आहे,” भाई म्हणाले. “पुन्हा दाब.”

पुन्हा दाबलं. दहा वेळा दाबलं. भाईंनी फोन काढला आणि परत खिशात ठेवला. “तिकडे आत्ता पहाटेचे चार वाजलेत. कार्यालय आपल्या साडेबाराला उघडेल.”

“साडेबारापर्यंत चिकू थांबेल का भाई?” रमीलाने विचारलं. “त्याला सांगता का तुम्ही, युरोप झोपलाय म्हणून?”

“प्रश्न चांगला आहे,” भाई म्हणाले.

मी जीतूभाईंना फोन लावला. जीतूभाई उधव्याचे, पंपापासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करतात आणि प्रत्येक वस्तूला आधी शिव्या देतात. साडेनऊला ते आले, पेटीभोवती एक फेरी मारली.

“अरे बेन, आ तो साधी वायर छे. ही मधली बाई काढून टाकू. पंखा थेट बटणावर, हीटर थेट बटणावर.”

“थांबा,” भाई म्हणाले, “तसं करता येणार नाही. ती प्रकल्पाची मालमत्ता आहे. करारात...”

“भाई,” रमीला म्हणाली, “ताटातला चिकू कोणाची मालमत्ता हाय?”

जीतूभाईंनी तोपर्यंत स्क्रू काढले होते. दहा वाजता पंखे फिरले. पण आता हीटर आपोआप बंद होणार नव्हता. वीस मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद, हे कोणीतरी घड्याळ बघून करायला हवं होतं, आणि दर फेरीला चकती दुमडून बघायला हवी होती. बाकीच्या बायकांना उरलेला चिकू कापायचा होता. मी कागद घेतला आणि तासातासाची ड्युटी लिहिली. दहा ते अकरा मी. अकरा ते बारा रमीला. बारा ते एक युरोपभाई. मोकळे हात तेवढेच होते. त्यांना दाखवलं तर खूश झाले. म्हणाले, “छान आहे. विकेंद्रित नियंत्रण.”

“काय पण म्हणा,” रमीला म्हणाली, “पण घड्याळ बघा.”

मी टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर गेले. पावणेएकच्या सुमारास आतून रमीलाचा आवाज आला. “भाई, जळतंय!”

धावत गेले. भाई बटणाच्या शेजारीच उभे होते. फोन कानाला, पाठ हीटरकडे. वरच्या तीन ताटांतल्या चकत्या तपकिरी होऊन वाकल्या होत्या. रमीलाने भाईंना खांद्याने बाजूला करून बटण बंद केलं. एक चकती उचलून दुमडली. ती कटकन मोडली.

“मी फक्त दोन मिनिटं...” भाई म्हणाले.

“दोन मिनिटं नाय भाई. तुम्ही घड्याळ बघत नव्हता, तुम्ही युरोप बघत होता.”

भाईंनी फोन खाली घेतला. तो चालूच होता, पलीकडे कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. मग ते मला म्हणाले, “कुंदा, पेटी बिघडलेली नाही. नवीन नियम लागू झाला. संवेदनशील तंत्रज्ञानाचं नियंत्रण फक्त यादीतल्या देशांना. आपण यादीत नाही.”

“कोणी केला नियम?”

त्यांनी फोन बंद केला. “ऑफिसातल्या मुलीने मला परिच्छेद वाचून दाखवला. दुसऱ्या वाक्याला मी ओळखला. माझाच आहे.”

मी विचारलं, “लिहिताना उधव्याची आठवण नाही झाली?”

“लिहिताना मला वाटलं, तुम्ही आत आहातच,” ते म्हणाले. “मी आत होतो ना.”

चाळीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकमेव सरळ वाक्य. त्यात ना सामरिक, ना विकेंद्रित. एका माणसाने स्वतः आत बसून दार लावलं आणि आपलं गाव बाहेर राहिलंय हे त्याच्या लक्षातच आलं नाही. मी रागावणार होते. पण तीन ताटं पुन्हा भरायची होती, आणि रागाला त्या दिवशी यादीत जागा नव्हती.

रमीलाने त्यांच्यासमोर अर्धं क्रेट ठेवलं आणि सुरी दिली. “घ्या भाई. सोला.”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी पुढे येईना. मग ते पाटावर बसले आणि सोलायला लागले. निम्मा गर सालीबरोबर जायचा. अंगठा कापला. शेजारची बाई हसून म्हणाली, “भाई, साल काढायची हाय, चिकू नाय.” त्यांनी मान खाली घातली आणि सोलत राहिले. तासाभरात एक ताटही झालं नाही. उरलेली ताटं इतरांनी भरली.

माल वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आम्ही ड्युटी फिरवत राहिलो. त्या जळक्या ताटांवेगळी एक चकती वाया गेली नाही. चौथ्या दिवशी व्यापारी आला, चकती दुमडली, खाल्ली आणि हंगामाचा माल ठरवून गेला. वापीची गाडी अकराजणींना न घेता गेली, ती आजपर्यंत तशीच जाते.

निघायच्या आदल्या दिवशी भाई शेडवर आले. भिंतीवरच्या जुन्या कागदापाशी गेले आणि पेटीसमोरच्या रिकाम्या जागेत स्वतःचं नाव पुन्हा लिहिलं. पेन अर्थात माझं. मला वाटलं, माणूस सुधारला. मी चुकले. जूनमध्ये विद्याने त्यांचा नवा अहवाल पाठवला. त्यात उधव्यावर एक चौकट होती. ‘स्थानिक भागीदारांनी अल्पावधीत पर्यायी यंत्रणा उभारून लवचीकतेचं उदाहरण घालून दिलं.’ रमीलाचं नाव नाही, जीतूभाईंचं नाव नाही, अंगठ्याचा उल्लेख नाही. तीन ताटांना ‘मर्यादित नुकसान’ म्हटलं होतं. परिच्छेद कोणाचा होता, हे तर कुठेच नव्हतं. मी तो वाचून रमीलाला सांगितलं. ती म्हणाली, “लवचीक म्हणजे काय?” मी म्हटलं, दुमडलं तरी मोडत नाही असं. ती म्हणाली, “मग चिकूबद्दल लिवलंय.”

शेवटचं भेटणं त्यांच्या पुढच्या मुक्कामाच्या अखेरीला, हायवेला झालं. विमानतळाची गाडी नाक्यावर चहाला थांबली होती आणि मी बँकेचं काम आटोपून निघाले होते. भाईंनी काच खाली केली. कोणत्या तरी परिषदेबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले. मग एकदम विचारलं, “माझी ड्युटी कोणाला दिलीस?”

“अजून कोणाला नाही,” मी म्हटलं. “तुमचा अंगठा कसा आहे?”

त्यांनी तो वर करून दाखवला. बारीकशी रेघ राहिली होती. गाडी निघाली. काच खालीच होती, आणि ते पुढच्या सीटवरच्या माणसाला काहीतरी समजावून सांगत होते. चालक असणार.

त्यानंतर ते आले नाहीत. विद्या मुलाकडे नाशिकला गेली, सरावलीचं घर बंद झालं, आणि सोलून द्यायला कोणी नाही तिथे भाई कशाला येतील? मागच्या वर्षी त्यांच्या संस्थेकडून पत्र आलं. यादी वाढवली आहे, आपला देश आता भरवशाच्या देशांत आहे, पेटी पुन्हा जोडता येईल. खाली भाईंची सही नव्हती, ते निवृत्त झालेत. रमीलाने पूर्ण पत्र ऐकून घेतलं.

“म्हणजे पुन्हा रोज सकाळी विचारायचं, पंखा लावू का?”

“हो.”

“नको. पेटीत सुऱ्या बऱ्या राहतात.”

तसं मी कळवलं, जरा सभ्य शब्दांत. दर डिसेंबरात मात्र मी भिंतीवरचा कागद काढते आणि एकेक वस्तू पुन्हा तपासते. कोणाच्या हातात आहे, ती व्यक्ती अजून आहे का, नसली तर दुसरं कोण. टेम्पोचे आता दोन चालक आहेत. जीतूभाईंनी रमीलाला वायरिंग शिकवलंय. चकती दुमडून ओळखणाऱ्या आता चौघी आहेत. हे सगळं ‘कोणावर आहोत ते माहीत नसणं वाईट’ या त्या माणसाच्या एका वाक्यावर चाललंय, आणि हे लिहायला मला अजिबात आवडत नाही.

जीतूभाईंनी टायमर लावून द्यायची तयारी दाखवली होती. बायकांनी नको म्हटलं, चकती दुमडून बघायला माणूस लागतोच. त्यामुळे ड्युटीची यादीही दर हंगामात नवी होते. दहा ते अकरा मी, अकरा ते बारा रमीला. बारा ते एकला खरं तर रमीलाच पुढे उभी राहते, आणि दर वेळी म्हणते, “ताई, तिथं माझं नाव लिवा ना आता.” मी राहू दे म्हणते. त्या ओळीत युरोपभाई असंच लिहिते, आणि समोर रोज, लाल पेनने, गैरहजर.